चाळीस सेकंद

नवी आवृत्ती शुक्रवारी आली.
सोमवारी सकाळी दोनशे सतरा चुका,
एकीखाली एक,
दोरीवर वाळत घातलेल्या माशांसारख्या.
क्लाक्सविकच्या धक्क्यावर धुकं इतकं
की खिडकीतून बोटी दिसत नव्हत्या, नुसते भोंगे.
मी हीटर पायाशी ओढला आणि वरून सुरुवात केली.

निम्म्या चुका नावांच्या.
कालपर्यंत 'वजन घे' म्हटलं की काटा वजन घ्यायचा.
आता त्याच कामाला दुसरं नाव,
आणि जुन्या नावानं हाक मारली
तर ओ देत नाही.
काही फंक्शनं तर गेलीच, पत्ता न ठेवता.
एक सापडलं भलत्याच लायब्ररीत,
कंसात दोन जास्तीचे प्रश्न घेऊन:
कशाचं वजन? कुठल्या काट्यावर?

हे सगळं हानुसनं लिहिलं, एकोणीस वर्षांपूर्वी,
या मासळीच्या लिलावघरासाठी, दोन बोटांनी.
त्याची टिपणं अशी:
इथे हात लावू नका.
का चालतं माहीत नाही, पण चालतं.
तिसरा काटा ओला झाला की खोटं बोलतो.
मला त्याचा राग आला, मग हसू,
मग परत राग, कारण ओळ सहाशे बारा:

थांब, चाळीस सेकंद.
आणि शेजारी: एब्बासाठी.

नवा कंपायलर म्हणतो, असं थांबता येत नाही आता.
इथे कुणी कुणाला अडवून धरायचं नाही.
वाट बघायचीच असेल तर वचन घ्या,
आणि ते पुरं होईतो दुसरी कामं करा.

मी ओळ पुसली.
एक चूक कमी. एकशे चार उरल्या.

गुरुवारी रात्री पावणेबाराला शून्य.
ही बातमी सांगावी असं जागं कुणी नव्हतं.
तळाशी उरलेली गार कॉफी प्यायले,
चांगली लागली.

शुक्रवारी पहाटे पाचला घंटा झाली,
फळ्यावर पहिला दर पडला
आणि कुणीच तयार नाही.
ब्रांदुरचा हातमोजा अजून दातात.
तोर्किलला हवा होता कॉड,
गडबडीत त्याच्या गळ्यात चारशे किलो हॅडॉक.
सगळे आधी यंत्राकडे बघतात, मग माझ्याकडे.

हानुसला फोन लावला.
तो आता विदारेयीला मेंढ्या बघतो,
फोनमध्ये त्याच्याहून वारा जास्त.
"एब्बा? तिसऱ्या काट्यावर असायची.
गुडघा गेलेला. लोखंडी जिना, अठरा पायऱ्या.
ती वर पोचली की मग घंटा."
"आणि आता?"
"आता काय. बारा वर्षं झाली तिला जाऊन."
मग वारा.
"काढलंस का ते?"
"कंपाइल होत नव्हतं."
"हं," तो म्हणाला,
आणि एका मेंढीवर खेकसला.

बारा वर्षं रोज पहाटे
एक बाई नसलेला जिना चढत होती लिलाव,
आणि तेवढ्यात ब्रांदुर मोजे काढायचा,
तोर्किल मनाशी दर ठरवायचा,
कुणीतरी शेवटचा घोट घ्यायचं.
यंत्र जरा जुनं आहे, म्हणायचे,
तापायला वेळ लागतो त्याला.

मी ओळ परत लिहिली, नव्या रीतीनं.
वचन घेतलं. चाळीस सेकंद.
कंपाइल झालं,
फक्त एक पिवळी सूचना:
या थांबण्यातून येणारं उत्तर
पुढे कुठेच वापरलेलं नाही.
खरं आहे. राहू दे.

पुढची आवृत्ती येईल तेव्हा
या खुर्चीत कोण असेल कोण जाणे,
म्हणून हानुसला पुन्हा फोन करून
एक गोष्ट विचारली,
आणि त्याच्या टिपणाखाली भर घातली:
जिना लोखंडी. पायऱ्या अठरा.
गुडघा उजवा.